यंदा पोरं कसली आलीत?

प्रार्थनेच्या वेळी शाळेत सगळ्यांनी डोळे मिटायचे असतात. पी. टी.चे सर मिटत नाहीत. जूनमध्ये तर मुळीच नाही. सुट्टीत कुणाची उंची वाढली, कुणाच्या पोटऱ्या भरल्या, कोण आजोळी आंबे चापून नुसताच आडवा वाढून आलाय आणि गेल्या वर्षीचा हुकमी चढाईपटू तिसऱ्या रांगेत का दिसत नाही, हा सगळा हिशेब त्यांना प्रार्थना संपायच्या आत उरकायचा असतो. पोरं वर्गात जाऊन बसेपर्यंत सरांच्या डोक्यात अर्धा कबड्डी संघ तयार झालेला असतो. उरलेला अर्धा कुठून आणायचा, ही काळजी घेऊन ते स्टाफरूममध्ये येतात. तिथं मुख्याध्यापक त्यांच्या हातात पाठ्यपुस्तक वाटपाची यादी देतात.

गणिताच्या सरांचं बरं असतं. पोरं हुशार आली काय, ढ आली काय, बीजगणित तेच शिकवायचं. पी. टी.च्या सरांचा अभ्यासक्रम मात्र पोरं बघून ठरतो. पोरं उंच आली की एक कबड्डी, बुटकी आली की दुसरी, आणि सगळीच तालमीतली आली की जी खेळली जाते तिला कबड्डी म्हणावं की नाही यावर पंचांचंही एकमत होत नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले शालेय कबड्डीचे सामने मी बरीच वर्षं बघत आलोय. खेळाडू म्हणून नव्हे. मैदानाच्या कडेला उभं राहून शेंगा खाणारी आणि पंचांना कायदा शिकवणारी जी गर्दी असते, तिचा मी कायम सभासद. या गर्दीत उभं राहून माझं एक मत पक्कं झालंय. मोठमोठ्या संघांचे प्रशिक्षक डावपेच आखतात आणि मग त्यात बसणारे खेळाडू बोली लावून विकत घेतात. आमच्या सरांना जे खेळाडू मिळतात ते बोनाफाईडवर, आणि त्यांच्यातूनच डाव शोधून काढावा लागतो. हे काम जास्त अवघड आहे आणि त्याचा भत्ता मिळत नाही.

अमेरिकेतल्या शाळांत म्हणे याच दुखण्यावर फार विचार होतो. तिथला फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन एकमेकांच्या अंगावर जाण्याचा खेळ, त्यामुळं आपल्याला तसा परका नाही. सरकारी शाळेच्या प्रशिक्षकाला त्या भागात राहणारी पोरं घेऊनच खेळावं लागतं. लांब फेकणारा पोरगा असला तर फेकीचा खेळ, नसला तर चेंडू पोटाशी धरून पळण्याचा. शाळांच्या संघांना शिकवून वर गेलेला एमरी बेलार्ड नावाचा एक प्रशिक्षक १९६८ मध्ये टेक्सास विद्यापीठात होता. त्याच्याकडं पळणारे गडी चांगले होते, म्हणून त्यानं ‘विशबोन’ नावाची पळण्यावर उभी राहिलेली रचना काढली. पुढं त्या संघानं सलग ३० सामने जिंकले आणि बेलार्डचं नाव पुस्तकांत गेलं. आमच्याकडं असं डोकं दर तालुक्यात दोन-तीन तरी सापडेल. पण त्यांची नावं जातात ती निवडणुकीच्या ड्युटीच्या यादीत.

आता ज्यांनी कबड्डी फक्त टीव्हीवर बघितली आहे त्यांच्यासाठी थोडा हिशेब. मैदानात ७ गडी, बाकावर ५. चढाई ३० सेकंदांची. गडी शिवला की एक गुण. समोर सहा किंवा सात गडी असताना एक पाय हवेत ठेवून दुसरा बोनस रेषेपलीकडं टाकला की बोनसचा एक गुण. समोरचे सगळे बाद केले की लोण, त्याचे आणखी दोन. आणि आपले तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना चढाईवाल्याला पकडला तर एकाऐवजी दोन गुण, तिला अव्वल पकड म्हणतात. सरांची सगळी हुशारी या चार-पाच आकड्यांत खेळते. कोणता आकडा आपल्या पोरांना झेपतो, एवढंच बघायचं.

उंच पोरांचं वर्ष सोपं. हात लांब, पल्ला लांब. मध्यरेषेच्या थोडं पुढं उभं राहून नुसता हात फिरवला तरी कोपऱ्यातला गडी दचकतो. अशा वर्षी सर खुर्चीवर बसून सामना बघतात, चहाही पितात. अशी वर्षं नोकरीत फार येत नाहीत. शिवाय उंच पोराला प्रो कबड्डी बघून डुबकी मारायची असते. २०१४ साली ती लीग सुरू झाली आणि पी. टी.च्या सरांचा निम्मा तास पोरांच्या डोक्यातून प्रदीप नरवाल बाहेर काढण्यात जाऊ लागला. पावणेसहा फुटांचा नववीतला पोरगा साखळीखालून डुबकी मारायला जातो आणि तिघांच्या मध्ये आडवा पडतो.

‘‘आरं, तुला देवानं हात दिल्यात त्ये कशाला?’’ सर विचारतात.

‘‘सर, नरवाल...’’

‘‘नरवाल गेला हरयाणाला. तू आपल्या तालुक्यातलं बघ.’’

यात सरांचाही नाइलाज असतो, कारण पोरांपुढं गावाकडचंही उदाहरण आहे. दबंग दिल्लीकडून खेळलेला काशिलिंग आडके वाळवा तालुक्यातल्या कासेगावचा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सोनं जिंकलेल्या भारतीय संघातला नितीन मदने सांगली जिल्ह्याचा. त्यामुळं या पट्ट्यात दहा पोरांना ‘काय खेळणार’ विचारलं की नऊ जण ‘रेडर’ म्हणतात आणि दहावा, ज्याला सायकल नाही म्हणून उशिरा आलेला असतो, त्याला उजवा कोपरा मिळतो. पुढं तोच संघाचा आधार ठरतो, हे वेगळं.

पण माझं खरं प्रेम पहिलवानांच्या वर्षावर. कृष्णा-वारणेच्या काठाला तालीम नसलेलं गाव सापडणं कठीण. कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, ज्यांनी १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणून दिलं. असल्या मुलखात एखाद्या वर्षी नववीत सहा पोरं कान मोडलेली येतात. मुख्याध्यापक खूश होतात. त्यांना वाटतं, आता जिल्हा आपलाच. सर मात्र गप्प असतात, कारण त्यांना पुढचं दिसत असतं.

पहिलवान पोराला पकड शिकवावी लागत नाही. पट काढणं, कंबर धरणं त्याच्या हाडात असतं. अडचण चढाईची. कबड्डीत शिवायचं असतं आणि पळून यायचं असतं. तालमीत पळून येणं याला फार वाईट नाव आहे. त्यामुळं हा पोरगा ‘कबड्डी कबड्डी’ करत समोरच्या अंगणात जातो, कोपऱ्यातला गडी अंगावर आला की त्याला बगलेत घेतो आणि तिथंच, परक्यांच्या अंगणात, सहा जण भोवती उभे असताना, त्याला चितपट करतो. मग वळून सरांकडं बघतो. शाबासकीसाठी. तोवर त्याचा दम गेलेला असतो, बाकीचे सहा त्याच्या अंगावर बसलेले असतात आणि पंचांची शिट्टी वाजलेली असते.

‘‘सर, पाडला की त्याला!’’

‘‘आरं पण तू बाद झालास!’’

‘‘बाद कसा? पाठ त्याची टेकली, माझी न्हाई.’’

या युक्तिवादाला कबड्डीच्या नियमपुस्तकात उत्तर नाही.

अशा वर्षी सर काय करतात? चढाईचा नाद सोडतात. पोरांना सांगतात, तिकडं जायचं, निदान रेषा ओलांडायची, कुणालाही हात न लावता परत यायचं. वाटेत कुणी आवडलं तरी धरायचं नाही. म्हणजे रिकामी चढाई. गुण घ्यायचा तो आपल्या अंगणात. समोरचा आला की धरायचा. गडी कमी होत होत तीनवर आले की आमच्या गर्दीतले नवखे लोक हळहळतात आणि जुने लोक शेंगा खायचे थांबतात. कारण आता खरा डाव सुरू होतो. मैदानात तीन पहिलवान, अव्वल पकडीचे दोन गुण आणि समोरून येणारा, मैदानाच्या अर्ध्या भागात तिघांसमोर एकटा सापडलेला, शहरी शाळेतला एक चुणचुणीत पोरगा. एका सामन्यात मी सर ओरडताना ऐकलंय, ‘‘चौथा उठवू नका रं! तीनच बरं हाय!’’ आपला गडी जिवंत होऊ नये म्हणून तळमळणारा प्रशिक्षक जगात दुसरीकडं कुठं असेल तर मला कळवावं. तिसऱ्या रिकाम्या चढाईवर बाद देण्याचा नियम जिथं लावतात तिथं मात्र ही सगळी युक्ती कोलमडते. मग तिसऱ्या चढाईला सर सर्वांत किरकोळ पहिलवान पाठवतात आणि डोळे मिटतात. प्रार्थनेला मिटले नव्हते ते इथं.

बारक्या पोरांचं वर्ष याच्या उलट. चौदा आणि सतरा वर्षांखालच्या गटात वजनाची मर्यादा असते, त्यामुळं किरकोळ अंगाच्या पोरांना कबड्डीत कायद्यानं जागा आहे. अशा पोरात एखादा बोनसचा वेडा निघतो. कृष्णाकाठच्या एका शाळेच्या मैदानावर असा एक पोरगा मी बघितला. सप्टेंबर होता, रात्री पाऊस पडून गेलेला, मैदानावर भुसा टाकून चिखल झाकलेला. पोरगा एवढा बारीक की बनियनवरचा ७ नंबर पुढून सुरू होऊन पाठीवर संपत होता. त्याला एकच गोष्ट येत होती. डावीकडून पळत जायचं, उजवा पाय बगळ्यासारखा वर धरायचा, डाव्या पायाचा पंजा बोनस रेषेपलीकडं टेकवायचा आणि कुणी हलायच्या आत परत. एक गुण. परत गेला, परत एक गुण. पहिल्या सात-आठ मिनिटांत त्यानं पाच बोनस आणले. पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. त्याचा बाप माझ्या शेजारीच होता. तो म्हणाला, ‘‘घरात पाण्याचा तांब्या आण म्हटलं तर उठत न्हाई, आणि हितं बघा.’’

पण बोनसची एक खोड आहे. बोनस घेतला तर गुण मिळतो, पण आपला बाद झालेला गडी उठत नाही. समोरचा संघ तेवढ्यात आमचा एकेक गडी शिवून नेत होता. फळ्यावर गुण आमचे जास्त आणि मैदानात गडी आमचे कमी, असा उलटा संसार चालला होता. सर अस्वस्थ. एवढ्यात आमच्या उजव्या कोपऱ्यानं, तोच तो सायकल नसलेला, समोरच्याचा घोटा धरला. पकड. पुन्हा पुढच्या चढाईला पकड. गर्दीनं डोक्यावरच्या टोप्या उडवल्या. सरांनी कपाळाला हात लावला.

कारण समोर आता पाचच उरले होते. पाच असले की बोनस नाही.

आमचा सात नंबर नेहमीच्या झोकात गेला. बगळा झाला. पंजा टेकवला. परत आला. पंचांकडं बघितलं. पंचांनी हात वर केला नाही. पोरानं बोनस रेषेकडं बोट दाखवलं. पंचांनी पाच बोटं दाखवली. पोराचा चेहरा असा झाला की आजवर शिकलेली सगळी कबड्डी कुणीतरी वरून रद्द करून टाकली आहे. पुढच्या चढाईला तो पुन्हा गेला आणि पुन्हा तेच करून आला, कारण त्याला दुसरं येतच नव्हतं.

मध्यंतराला मी मुद्दाम त्यांच्या घोळक्याजवळ जाऊन उभा राहिलो. टीव्हीवर या वेळी प्रशिक्षक पाटी घेऊन बाणबिण काढतात. सरांनी काय केलं, बाकावरच्या एका चष्मेवाल्या पोराला पुढं घेतलं. हा पोरगा शिष्यवृत्तीत आलेला, बारा जणांचा कोटा भरायला आणलेला, सबंध मोसमात एकदाही मैदानात न उतरलेला. सर त्याला म्हणाले, ‘‘तू हितं रेषेपाशी उभा ऱ्हायाचं. समोरचं गडी मोजायचं. सहा किंवा सात असली की हात वर. पाच आली की हात खाली. बाकी काही करायचं न्हाई.’’ मग सात नंबरला म्हणाले, ‘‘ह्याचा हात वर दिसला की तू जायाचं. खाली असला की बसायचं.’’ आणि एका ढिम्म, लांब हातांच्या पोराला म्हणाले, ‘‘हात खाली असला की तू. गडी शिवून यायाचं. न्हाई शिवला तर निदान येताना पडू नगंस.’’

एवढाच डाव. दुसऱ्या अर्ध्यात चष्मेवाल्याचा हात वर-खाली होत राहिला आणि त्याप्रमाणं पोरं आत-बाहेर करत राहिली. समोरच्या शाळेच्या सरांना शेवटपर्यंत वाटत होतं की हा पोरगा पंचांकडं काहीतरी दाद मागतोय. एका गुणानं सामना निघाला. सात नंबरला खांद्यावर घेतलं. चष्मेवाल्याच्या खांद्याला शेक द्यावा लागला. पुढच्याच फेरीत ते सपशेल हरले, कारण त्या संघाचा डावा कोपरा बोनसच्या पायालाच बसायचा. पण तो एक सामना मी अजून विसरलो नाही. संघातला सर्वांत निरुपयोगी गडी कामाला लावणं ही कला कुठल्या बी. पी. एड.च्या कॉलेजात शिकवत असतील असं मला वाटत नाही.

पोरं कुठली, यावरही सरांचे ठाम सिद्धान्त असतात. पश्चिमेकडची, म्हणजे जावळी, पाटण, महाबळेश्वरकडची पोरं डोंगर चढून शाळेला येतात, म्हणून त्यांच्या पोटऱ्यांना गरम पाण्याचीही गरज नाही. पूर्वेकडची, माण, खटाव, आटपाडी, जतकडची पोरं वाळकी, पण दमाला तुटत नाहीत. ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावलेली ललिता बाबर माणमधल्या मोहीची, हा यातला हुकमाचा पुरावा. मधल्या उसाच्या पट्ट्यातली पोरं दुधातुपातली, अंगानं भरलेली. सिद्धान्त ऐकायला झकास आहे. प्रत्यक्षात डोंगरातलं पोरगं वसतिगृहात राहून जिना चढताना धापा टाकतं आणि दुधातुपातलं पोरगं सायनसचं निघतं. पण सरांचा सिद्धान्त हलत नाही. ते म्हणतात, ‘‘यंदाचा अपवाद हाय.’’

आलेली पोरं टिकवणं हे त्याहून अवघड. खानापूर, आटपाडी, तासगाव, खटाव, माण या भागातली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरली आहेत. केरळ-तामिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत कुठल्याही सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात जा, भट्टीपाशी विट्याकडचा माणूस भेटतोच. चांगलं झालं, दुष्काळी भागात त्यामुळं पैसा आला, बंगले झाले. पण पी. टी.च्या सरांच्या बाजूनंही कुणीतरी विचार करायला हवा. जूनमध्ये पोरगा निवडायचा, जुलैभर त्याच्या पायातला आळस काढायचा, १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीचा कबड्डी दिन साजरा करताना त्याच्याच हातानं नारळ फोडायचा, ऑगस्टमध्ये त्याच्याभोवती सगळी आक्रमणाची रचना बसवायची आणि सप्टेंबरात त्याचा चुलता कोइमतूरहून येऊन म्हणणार, ‘‘सर, दाखला द्या. दुकानात माणूस कमी पडतंय.’’ सर दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ लिहितात. हात थरथरतो. दुसऱ्या दिवशी पहिलवानांच्या वर्षाची वही बाहेर काढतात.

याचंच उलट टोक मुंबईहून परत आलेल्या पोरांचं. पाटण-जावळीकडचं निम्मं गाव मुंबईत माथाडीत. एखाद्याचा बाप निवृत्त होतो नाहीतर आजी आजारी पडते आणि लालबाग-परळकडं कबड्डी खेळलेला तयार पोरगा ऐन ऑगस्टात शाळेच्या दारात उभा राहतो. सरांना लॉटरी लागल्यागत होतं. पण या पोराला मॅटची सवय, पायात बूट. आमच्याकडं तालुक्याचे सामने मातीवर, आणि मातीवर अनवाणी. मॅटवर पाय सरकवून टो टच करणारा पोरगा मातीवर तोच पाय सरकवायला जातो तर अंगठा रुततो आणि बाकीचा पोरगा पुढं जातो. याच्या उलट, मातीत तयार झालेला संघ राज्याला मॅटवर गेला की पहिली पाच मिनिटं पोरं सांभाळून सांभाळून चालतात. तिथं पडलेलं लागतं वेगळ्या ठिकाणी. एका सरांनी यावर उपाय म्हणून वर्गखोलीतल्या सतरंज्या मैदानात अंथरल्या होत्या. पुढच्या महिन्यात पालकसभेला सतरंज्यांवरच्या मातीचे खुलासे त्यांना द्यावे लागले.

हवामान, सण, पिकं, सगळे मिळून सरांच्या रचनेवर घाला घालतात. तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या गणपतीच्या आगंमागं. पोरं रात्री लेझीम-ढोल खेळून सकाळी मैदानावर येतात तेव्हा चढाईच्या वेळी त्यांचे पाय ‘कबड्डी’च्या नव्हे, ढोलाच्या ठेक्यावर पडतात. मोदकांमुळं वजनाच्या काट्यावर आणखी एक अनर्थ. वजनाच्या दिवशी सकाळी मुख्य चढाईपटू पाऊण किलो जास्त भरतो आणि स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारताना दिसतो. काटा उतरला तर ठीक. न उतरला तर सकाळी दहा वाजता सगळी रचना बदलायची आणि साडेदहाला सामना. तासगाव-मिरजकडं द्राक्षाची छाटणी निघाली की बागाइतदारांच्या पोरांचा सराव आठवडाभर बंद, छाटणीला घरचं माणूस लागतंच. आणि नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर बीडकडची काटक, चपळ, उसाच्या बुडख्यांतून अनवाणी पळणारी पोरं गावात येतात, तोवर स्पर्धा संपलेल्या असतात. सर फडाच्या बांधावरून जाताना सायकल थांबवून बघत राहतात.

मुलींच्या संघाचं गणित तर यष्टीच्या वेळापत्रकावर आहे. सव्वापाचची यष्टी गेली की पुढची साडेसातला, आणि साडेसातच्या यष्टीनं आलेली पोरगी घरी काय उत्तर देणार? म्हणून सरावाला मिळतात चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांत चढाई शिकवता येत नाही, ती शिकायला मोकळेपणी चुकायला लागतं. सर मग साखळी शिकवतात. एकाच वस्तीवरच्या तीन मुली पहिलीपासून हातात हात घालून ओढा ओलांडून शाळेला येत असतील तर त्यांना साखळी शिकवायचीही गरज नसते. एक हलली की तिघी हलतात, न बोलता. अशा एका संघापुढं जिल्ह्याच्या ठिकाणच्या, ट्रॅकसूट घातलेल्या मुली हतबल झालेल्या मी बघितल्यात. माझ्या मते या दोन जिल्ह्यांतली सर्वांत देखणी कबड्डी मुलींची आहे, आणि ती बघायला सर्वांत कमी माणसं येतात.

खेळाडूंचं एवढं बोलतोय, पण सर तरी कुठं निवडलेले असतात? शाळेला मिळालेले सर मुळात व्हॉलीबॉलचे. किंवा गोळाफेकीचे. संस्थेची बदलीची यादी मे महिन्यात निघते आणि कोयनेकाठचे कबड्डीचे सर जतला खो-खो शिकवायला जातात. खो-खोच्या सरांच्या हाताखाली तयार झालेला कबड्डी संघ लगेच ओळखू येतो. पोरं कोपऱ्यात बसतातच पाठमोरी उठायच्या तयारीत, आणि हुलकावणी देण्यात वस्ताद असतात. त्यांना शिवता येत नाही, पण कुणाच्या हातातही सापडत नाहीत. सामना बरोबरीत सुटतो.

कधीकधी सर रचना बदलता बदलता खेळच बदलतात, आणि इथं मात्र मला थट्टा करवत नाही. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. घरची परिस्थिती बेताची, वडील मजुरीला. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकांनी त्याला धावायला लावलं, तो आठशे मीटर पळायला लागला, क्रीडा प्रबोधिनीत गेला. तिथं अंगात ताकद कमी पडतेय म्हटल्यावर घरी पाठवण्याऐवजी त्याला तिरंदाजीकडं वळवलं. २०२१ मध्ये तो टोकियो ऑलिम्पिकमध्ये भारताकडून बाण मारत होता. साताऱ्याचीच आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. ती ज्या अकादमीत तयार झाली ती सुरू झाली उसाच्या रानात. हातात जे आहे त्याच्याकडं नीट बघणारा एक मास्तर भेटला, एवढ्यावर या दोन्ही गोष्टी उभ्या आहेत. भेटला नसता तर प्रवीण हा आठशे मीटरला पाचवा आलेला पोरगा राहिला असता.

सगळ्यांचं नशीब एवढं लांबचं नसतं. बहुतेक संघ तालुक्यालाच संपतात. जिल्ह्याला गेले तर गावात फ्लेक्स लागतो, त्यावर सरांचा फोटो असतो कोपऱ्यात, सरपंचांच्या खाली, वर्गणी दिलेल्या गॅरेजवाल्याच्या शेजारी. कोल्हापूर विभागात सातारा आणि सांगली समोरासमोर आले तर दोन्हीकडचे सर सामन्याआधी एकमेकांना एकच प्रश्न विचारतात, ‘‘काय, यंदा पोरं कसली आलीत?’’ आणि दोघंही एकच उत्तर देतात, ‘‘काय न्हाई ओ, बेताचीच.’’ दोघंही खोटं बोलत असतात. दोघांनाही ते माहीत असतं.

म्हणून या दोन जिल्ह्यांतल्या पालकांना हात जोडून सांगणं आहे. पोरगं दहावीत गेल्यावर क्रीडा सवलतीचे गुण मिळतात म्हणून शाळेत चौकशीला येता, ते आठवीतच या. तुमचा बारका बगळ्यासारखा एका पायावर उभा राहतो म्हणून हसू नका, सरांना दाखवा. वजनाच्या आदल्या आठवड्यात मोदक मोजून द्या. मुलींच्या सामन्याला या, येताना शेजाऱ्यांनाही आणा. आणि विटा-आटपाडीकडच्या चुलत्यांनो, पुतण्याला गलाईला न्यायचंच असेल तर जरूर न्या, भट्टी काय पळून जात नाही. पण विभागीय स्पर्धा होईपर्यंत दाखला मागू नका.